तारीख मिळाल्यापासूनचे दिवस



सरांच्या स्मरणार्थ मी इथे बोलते आहे. सर सर्जन होते, मी भूलतज्ज्ञ. एकाच टेबलाशी आम्ही बरीच वर्षं उभे राहिलो, पोटाकडे ते आणि डोक्याकडे मी. डोक्याकडच्या माणसाला काही गोष्टी दिसतात त्या पोटाकडून दिसत नाहीत, आणि रुग्णाला तर मुळीच दिसत नाहीत, कारण तो झोपलेला असतो. त्यातली एक आज तुमच्यापुढे मांडते. विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाचं ऑपरेशन ठरलं, की तारीख मिळाल्यापासून तो टेबलावर येईपर्यंतचे दिवस हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे. आपल्याकडे हे दिवस वाया जातात. का जातात आणि काय केलं तर जाणार नाहीत, एवढाच माझा विषय आहे.

सोलापुरात हे बोलताना एक गोष्ट आधी स्पष्ट करते. या शहरातल्या हजारो बायकांच्या चुली विड्या वळून पेटतात. सुपात तंबाखू आणि तेंदूपत्ता घेऊन दिवसभर मान मोडून बसणाऱ्या त्या बायकांच्या कष्टाविषयी मला आदर आहे, आणि माझं आजचं बोलणं त्यांच्याविरुद्ध नाही. पण याच गल्ल्यांतली माणसं माझ्या टेबलावर येतात. विडी छोटी, पानात गुंडाळलेली, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य असते असा समज आहे. तो चुकीचा आहे. विडी विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा आणि जोरात ओढावी लागते. त्यामुळे तिच्यातून निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाही, उलट जास्तच जातं.

आता धूर काय करतो ते भुलेच्या बाजूनं सांगते. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त ओढीनं चिकटतो. न ओढणाऱ्याच्या रक्तात असं अडकून पडलेलं हिमोग्लोबिन शंभरात एखाद-दुसरा भाग असतं. सतत ओढणाऱ्याच्या रक्तात ते ५ ते १० भाग असतं, कधी त्याहूनही अधिक. जे हिमोग्लोबिन मोकळं उरतं, तेही आपल्याजवळचा ऑक्सिजन पेशींना सहजासहजी सोडत नाही. करोनाच्या काळात घरोघरी आलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तुम्हाला आठवत असेल. नेहमीच्या ऑक्सिमीटरला या दोन हिमोग्लोबिनांतला फरक कळत नाही. कार्बन मोनॉक्साइडनं अडवलेलं हिमोग्लोबिनही तो ऑक्सिजननं भरलेलं म्हणूनच मोजतो. पडद्यावर ९८ दिसतं आणि नातेवाईक निर्धास्त होतात. मी होत नाही.

एरवी हे चालून जातं. माणूस मागावर उभा राहतो, जिने चढतो, शेतात खपतो. पण भूल देताना काही क्षण असे येतात, की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबलेला असतो आणि आमची नळी अजून श्वासनलिकेत पोचलेली नसते. तेवढा वेळ तो आधी साठवून दिलेल्या ऑक्सिजनवर काढतो. ओढणाऱ्या माणसाचा हा साठा लवकर संपतो. त्यातच धुरानं वर्षानुवर्षं चिडलेला त्याचा घसा नळीचा स्पर्श सहन करत नाही. स्वरयंत्र आवळून बंद होतं, फुप्फुसातल्या नळ्या आकसतात. अनुभवी भूलतज्ज्ञाला यातून वाट काढता येते आणि आम्ही ती काढतो. पण त्या दोन मिनिटांत खोलीतली शांतता किती जड असते, हे बाहेर बाकड्यावर बसलेल्या घरच्यांना कधी कळत नाही.

दुसरी गोष्ट ऑपरेशननंतरची. श्वासनलिकेच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात. ते एका लयीत हलत राहतात आणि कफ, धूळ वर ढकलतात. धुरानं ते लुळे पडतात. विडी ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला त्यामुळेच असतो, केसांचं काम तो खोकून करतो. पोटावर टाके असताना मात्र खोकता येत नाही, दुखतं. कफ आत साचतो, फुप्फुसाचा तळ मिटतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढतो आणि घरी जायच्या ऐवजी माणूस आयसीयूत जातो.

यातलं काहीच नवीन नाही. १९४४ साली मॉर्टन नावाच्या ब्रिटिश भूलतज्ज्ञानं ‘लॅन्सेट’मध्ये लिहून ठेवलं, की पोटाच्या ऑपरेशननंतर छातीचे विकार धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे सहापट जास्त दिसतात. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा डॉल आणि हिल यांचा प्रसिद्ध निबंध आला १९५० मध्ये. म्हणजे कर्करोगाचं सिद्ध होण्याच्या सहा वर्षं आधी ऑपरेशनचा धोका नोंदवला गेला होता. पाकिटावरच्या चित्रांमुळे कर्करोग आज लहान मुलालाही ठाऊक आहे. ऑपरेशनचं मात्र सुशिक्षितांनाही ठाऊक नसतं.

तिसरी गोष्ट जखमेची, आणि सरांना सर्वांत जास्त चीड याच गोष्टीची येई. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. जखमेला ऑक्सिजन कमी पोचतो, जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात आणि जखम सांधणारे धागे नीट विणले जात नाहीत. टाके पिकतात, जखम उघडते, त्याच जागी पुढे हर्निया होतो. प्लास्टिक सर्जननं जागेवर आणून बसवलेली कातडी काळी पडते. मणक्याची किंवा पायाची हाडं जुळायला उशीर लागतो, कधी जुळतच नाहीत. हर्नियाचं बघा. यंत्रमागावर उभा राहणारा माणूस, छातीत सुताचे तंतू, त्यावर विडी आणि सदा खोकला. सर जाळी बसवून भोक बुजवत आणि खोकल्याचा प्रत्येक धक्का नेमका त्याच जागी बसे. वर्ष-दोन वर्षांनी माणूस परत येई आणि म्हणे, ऑपरेशन फेल गेलं. सर म्हणत, याचं अर्धं ऑपरेशन मी केलं, उरलेलं अर्धं याला करायला कुणी सांगितलंच नाही.

ते उरलेलं अर्धं किती दिवसांचं आहे? शरीर या बाबतीत फार उदार आहे. कार्बन मोनॉक्साइड साध्या हवेत श्वास घेताना ४ ते ६ तासांत निम्मा होतो. एक दिवस विडी नसेल, तर त्याचा बहुतेक भाग निघून जातो. निकोटिन दोनेक तासांत निम्मं होतं. म्हणजे आदल्या दिवसापासून बंद केली, तरी टेबलावर येणारं हृदय कमी ताणाखाली असतं. जखमेला साधारण चार आठवडे लागतात. छातीला चार ते आठ आठवडे, कारण ते लुळे केस पुन्हा कामाला लागायचे असतात. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघासोबत हा सगळा पुरावा एकत्र मांडला. चार आठवड्यांच्या पुढचा प्रत्येक तंबाखूमुक्त आठवडा ऑपरेशनचा निकाल १९ टक्क्यांनी सुधारतो, असं त्यात म्हटलं आहे.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो डेन्मार्कमधला एक अभ्यास. २००२ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. कोपनहेगन परिसरातल्या तीन रुग्णालयांत गुडघा किंवा खुबा बदलण्यासाठी आलेले १२० धूम्रपान करणारे रुग्ण निवडले. निम्म्यांना नेहमीप्रमाणे तारीख दिली. उरलेल्यांना ऑपरेशनच्या ६ ते ८ आठवडे आधीपासून एक नर्स दर आठवड्याला भेटू लागली. ती त्यांच्याशी बोलायची, निकोटिनचं च्युइंगगम किंवा पट्टी द्यायची. नंतर हिशेब केला तेव्हा नेहमीच्या गटात ५२ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली होती, नर्सच्या गटात १८ टक्के. जखमेच्या तक्रारी एका बाजूला ३१ टक्के, दुसऱ्या बाजूला ५. यात कुठलं नवं यंत्र नव्हतं, महागडं औषध नव्हतं. आठवड्यातून एकदा भेटणारी एक नर्स होती आणि तिच्या हाताशी दीड-दोन महिने होते. एवढा फरक पाडणारं इंजेक्शन उद्या बाजारात आलं, तर ते मिळवायला माणसं घर गहाण टाकतील.

आता एका समजाविषयी, कारण तो डॉक्टरांमध्येही आहे. ‘ऑपरेशन जवळ आलंय, आता एकदम सोडू नका, कफ वाढतो,’ असं सांगितलं जातं. हा समज हवेतून आलेला नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून बायपासच्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या आठ आठवड्यांच्या आत धूम्रपान सोडलेल्यांना छातीचा त्रास जास्त झाला, असं त्यात दिसलं. पण त्या गटात माणसं थोडी होती, आणि अगदी शेवटी सोडणारा बहुधा आधीच जास्त आजारी असतो म्हणून सोडतो. पुढे २०११ मध्ये नऊ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा उशिरा सोडण्यानं नुकसान होतं असं आढळलं नाही. सोडल्यावर पहिले काही दिवस कफ जास्त सुटल्यासारखा वाटतो हे खरं. तो कफ बाहेर पडायलाच हवा, आणि टाके पडायच्या आधी पडला तर उत्तम. म्हणून माझं उत्तर एकच. लवकर सोडलीत तर सर्वांत चांगलं, उशीर झाला असेल तर आज सोडा. ‘आता काय उपयोग’ हे वाक्य या विषयात कुठल्याही दिवशी खरं ठरत नाही.

मग हे सांगायचं कुणी आणि कधी? आपल्याकडची पद्धत तुम्ही सगळ्यांनी अनुभवली आहे. सर्जन म्हणतात ऑपरेशन करावं लागेल. घरात चर्चा होते. तारीख ठरते. मग कुणीतरी विचारतं, ‘फिटनेस घेतला का?’ रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे होतो आणि फिजिशियनची सही मिळते. माझी आणि रुग्णाची पहिली भेट बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी होते, हातात सलाइनची सुई लागलेली असताना. त्या वेळी मी विचारते, ‘मामा, विडी किती?’ ते म्हणतात, ‘जास्ती नाही ओ मॅडम, एक बंडल.’ शेजारून मामी दबक्या आवाजात म्हणतात, ‘दीड.’ त्या संध्याकाळी माझ्या हातात फक्त एक रात्र असते. हीच भेट सहा आठवडे आधी झाली असती, तर मामांची छाती वेगळी असती.

वेळच नसतो, असं मला सांगितलं जातं. मला ते पटत नाही. तातडीची ऑपरेशनं सोडा. अपेंडिक्स फुटलं, आतडं पीळ घेऊन बसलं, तर कुणी थांबायचं नसतं. कर्करोगाचं ऑपरेशनही विडी सुटावी म्हणून लांबवायचं नसतं. तिथे जेवढे दिवस मिळतील तेवढे घ्यायचे. पण हर्निया, गुडघा, मणका, पित्ताशयातले खडे, पिशवीचं ऑपरेशन? इथे आपली माणसं स्वतःच पुढच्या तारखा मागतात. सुगी होऊ दे, ऊस जाऊ दे, पोरीचं लग्न उरकू दे, दिवाळीनंतर बघू. सरकारी रुग्णालयात तर रांगच आठवड्यांची असते, आणि योजनेतून करायचं तर मंजुरीसाठी थांबावं लागतं. दिवस भरपूर आहेत. त्या दिवसांत रुग्ण दुखणं सोसतो, पैशाची जुळवाजुळव करतो आणि काळजीनं रोजच्यापेक्षा दोन विड्या जास्त ओढतो. आम्ही तेवढे दिवस त्याला विसरलेलो असतो.

आणखी एक गोष्ट या दिवसांच्या बाजूनं आहे. ऑपरेशन ठरलेला माणूस ऐकायच्या मनःस्थितीत असतो. अमेरिकेतल्या वयस्क लोकांचा एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मोठं ऑपरेशन झालेल्यांत धूम्रपान सोडण्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. चाळीस वर्षं बायकोचं, मुलांचं न ऐकलेला माणूस त्या महिन्यात ऐकतो. त्याला सांगायला आपल्यापैकी कुणी हजर नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

महाराष्ट्रासाठी विडी-सिगारेट विचारून भागत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात आपल्या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. म्हणून ‘तंबाखू खाता का?’ एवढाही प्रश्न पुरत नाही. आमची मावशी खात नाही, ती फक्त मिश्री लावते, सकाळी, दुपारी आणि झोपताना. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. रक्तवाहिनीच्या लेखी ते निकोटिनच आहे. म्हणून मी नाव घेऊन विचारते: विडी, सिगारेट, चुना-तंबाखू, मावा, गुटखा, मिश्री. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारीनं आखडलेली तोंडं अजून येतात. दातांमध्ये तीन बोटं उभी बसावीत, तिथे एकही बसत नाही. अशा तोंडातून नळी घालणं ही आमच्या कामातली अवघड परीक्षा असते आणि सुपारी सोडल्यानं ते तोंड पुन्हा उघडत नाही. त्यावर वेगळं व्याख्यान लागेल.

सोडायची कशी, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर माझं बोलणं नुसता उपदेश ठरेल. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप उडते, हात खिशाकडे जातो. तलफेची प्रत्येक लाट काही मिनिटांत ओसरते. तेवढी निभावून न्यायची असते. निकोटिनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं, दोन मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवायही. ते सारखं चघळायचं नसतं. तोंडात झिणझिणलं की गालात धरून ठेवायचं. तंबाखूची गोळी गालात ठेवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबून घ्यावं, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. ‘पण मॅडम, हेही निकोटिनच ना, मग जखम?’ असं विचारणारे हुशार रुग्ण भेटतात. त्यांच्यासाठी २००३ चा आणखी एक डॅनिश अभ्यास सांगते. स्वयंसेवकांच्या कातडीवर छोट्या जखमा करून त्या भरताना पाहिल्या. ओढणाऱ्यांच्या १२ टक्के जखमा पिकल्या, कधीच न ओढलेल्यांच्या २ टक्के. चार आठवडे विडी-सिगारेट बंद ठेवल्यावर पिकण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांइतकं खाली आलं, आणि निकोटिनची पट्टी लावलेल्यांत व न लावलेल्यांत फरक दिसला नाही. म्हणजे पट्टी लावायला घाबरू नका.

अडचण कुठे येते, तर अगदी साध्या ठिकाणी. ‘विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ हे मला शेकडो जणांनी सांगितलं आहे आणि ते बहाणा करत नाहीत. निकोटिन आतड्याला खरोखरच चालना देतं. हर्नियाच्या रुग्णाला कुंथावं लागणं परवडणारं नाही. म्हणून विडी बंद करायच्या दिवसापासूनच इसबगोल, भरपूर पाणी, पालेभाजी सुरू करा आणि डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. एवढ्याशा कारणानं पाचव्या दिवशी परत विडी पेटवलेली माणसं मी पाहिली आहेत. घरात सल्ला द्यायला कुणी नसेल, तर १८००-११२-३५६ हा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत असतो, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमधलं केंद्रही या सेवेत आहे.

सर्जन मित्रांकडे माझं मागणं आहे. ज्या चिठ्ठीवर तुम्ही ऑपरेशनची तारीख लिहिता, त्याच चिठ्ठीवर तंबाखू बंद करायची तारीखही लिहा, आणि त्याच आठवड्यात रुग्णाला आमच्याकडे पाठवा. तुमच्या हातचं लिहिलेलं रुग्ण पाळतो. आमच्या दहा वाक्यांना ते वजन नाही. दवाखान्यातल्या एखाद्या सिस्टरला आठवड्यातून एक फोन करायचं काम द्या. आणि घरच्यांना विनंती, की रागावू नका. ‘आता भोगा’ हे शब्द या महिन्यात तोंडून काढू नका. भेटायला येणाऱ्या मित्रानं वरांड्यात नेऊन विडी दिली, तर मात्र त्याच्यावर जरूर रागवा.

शेवटी त्या माणसाशी बोलते, ज्याला एवढं करूनही जमलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशी राहायचं असतं. पाणी नाही, चहा नाही. ‘पोटात काही जात नाही ना’ म्हणून पहाटे जिन्याखाली जाऊन विडी ओढून येणारे पुष्कळ असतात. ऑपरेशन रद्द होईल, डॉक्टर ओरडतील, या भीतीनं ते लपवतात. मला खरं सांगा. त्यामुळे मी तुम्हाला परत पाठवणार नाही. मी तुम्हाला जास्त वेळ ऑक्सिजन देईन, श्वासनलिका सैल करणारी वाफ आधी देईन, जमण्यासारखं असेल तर पूर्ण भूल टाळून कमरेतून भूल देईन, आणि दुखणं कमी करायची औषधं वेगळ्या हिशेबानं ठरवीन, कारण ओढणाऱ्यांना ती बऱ्याचदा जास्त लागतात. यासाठी मला शेवटची विडी किती वाजता ओढली, ते कळायला हवं. रात्री दहाला ओढली की पहाटे पाचला, यावर माझी तयारी बदलते.